सुटलेल्या विशेषणांची कुळकथा

इंग्लंडच्या क्रिकेट संघाच्या टोपीवरचे तीन सिंह निवांत चालत असतात. एक पंजा उचललेला, बाकीचे पाय जमिनीवर, तोंड आपल्याकडे वळलेलं. स्कॉटलंडच्या राजध्वजावरचा तांबडा सिंह मात्र मागच्या पायांवर उभा ठाकलेला असतो, पुढचे पंजे हवेत, जीभ बाहेर. ढालींवर आणि निशाणांवर कुळाची चिन्हं रेखणाऱ्या जाणकारांनी या पवित्र्यांना नॉर्मन फ्रेंच वळणाची नावं ठेवली. चालणारा सिंह तो ‘पॅसंट’ आणि चवताळून उभा राहिलेला तो ‘रॅम्पंट’. फ्रेंच धाटणीमुळे विशेषण नामाच्या मागून येतं : लायन रॅम्पंट.

मुळातलं क्रियापद ‘रांपे’. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ चढणं, वर झेपावणं असा होता. आजच्या फ्रेंचमध्ये त्याच शब्दाचा अर्थ सरपटणं असा झाला आहे, त्यामुळे पॅरिसच्या पोराला तो ऐकून सिंहाऐवजी साप आठवेल. इंग्रजीत गोष्ट वेगळ्या दिशेनं गेली. आधी हे विशेषण हिंस्र, अंगावर येणाऱ्या माणसाला लागलं. पुढे ते आवरेनाशा वाढलेल्या रोपांना लागलं, आणि आज ते मुख्यतः भ्रष्टाचार, महागाई, रोगराई यांच्या सोबतीला असतं.

आपल्याकडे शब्दकोश उघडला की आवर सुटल्याचा अर्थ असलेल्या प्रत्येक इंग्रजी विशेषणापुढे ‘अनिर्बंध’ लिहिलेलं सापडतं आणि विद्यार्थ्याची फसगत होते. रॅम्पंटमध्ये पसरणं आहे. एका कारकुनानं घेतलेली लाच कितीही मोठी असली तरी रॅम्पंट होत नाही; कचेरीभर लाचखोरी माजली की होते. मराठीतला त्याचा खरा भाऊबंद म्हणजे ‘बोकाळलेला’. आनंद बोकाळत नाही, तसाच तो रॅम्पंटही होत नाही. अपवाद ब्रिटिश क्रीडापत्रकारांचा. समोरच्या संघाची धूळधाण उडवणाऱ्या संघाला ते बिनदिक्कत रॅम्पंट म्हणतात, आणि मला वाटतं, त्या एका जागी जुना सिंह अजून पंजे उगारून उभा आहे.

आनंदासाठी हवं असेल तर ‘अनब्रायडल्ड’ आहे. हा सरळ आपला बेलगाम. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून तो माणसांच्या वासनांना आणि जिभेला लावला गेला. हर्ष, लोभ, महत्त्वाकांक्षा, सगळं त्याला चालतं. घोडे रस्त्यावरून नाहीसे झाले तसा लगामाशी संबंध तुटला. ‘फ्री रेन’, म्हणजे लगाम सैल सोडणं, हा वाक्प्रचार जन्मानं इंग्रजी बोलणारे लोकही आता राज्याच्या ‘रेन’चं स्पेलिंग वापरून लिहितात.

सगळ्यांत लांबचा प्रवास केला तो ‘वॉन्टन’नं. (चिनी उपाहारगृहातल्या वॉन्टनशी याचं काही नातं नाही.) मध्ययुगीन इंग्रजीत तो ‘वान-टोवेन’ असा जोडशब्द होता. ‘वान’ म्हणजे उणा. डच भाषेत हा उपसर्ग आजही धडधाकट आहे. ‘होप’ म्हणजे आशा, ‘वानहोप’ म्हणजे निराशा. ‘टोवेन’ आलं ओढणं, वाढवणं, शिस्त लावणं अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून. दोन्ही मिळून अर्थ झाला वळण न लागलेलं, लाडावलेलं पोर. त्या क्रियापदाच्या गोतावळ्यात ओढून नेणारा ‘टो’ आहे, एका जुवाला जोडलेल्या जनावरांची ‘टीम’ आहे. आणि त्याच आद्य धातूवरून लॅटिनमध्ये गेलेल्या शाखेत ‘ड्यूक’ आहे आणि ‘एज्युकेशन’ही. म्हणजे वॉन्टन आणि अनएज्युकेटेड ही दूरची चुलत भावंडं.

पोरकट म्हणून खेळकर, खेळकर म्हणून खट्याळ असा अर्थ सरकत गेला. कवींनी कोकरांना, वाऱ्यावर उडणाऱ्या बटांना वॉन्टन म्हटलं. मग खट्याळपणावर चारित्र्याचा डाग पडला आणि तो बहुतेक वेळा बायकांच्याच पदरी बांधला गेला. पुरुषाच्या स्वैरपणाला इंग्रजीनं ‘गॅलंट’सारखे चढे शब्दही दिले, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये डोळे काढले गेलेला ग्लॉस्टर देवांची तुलना माश्या मारणाऱ्या मुलांशी करतो, तेव्हा त्या मुलांना लावलेलं विशेषण हेच आहे. मुलं खेळताहेत की क्रूर आहेत? शब्दात तेव्हा दोन्ही होतं. कारणाशिवाय, वैर नसताना केलेली नासधूस ही छटा पुढे तगली.

याच छटेनिशी तो भारतात पोचला. 1860 च्या भारतीय दंडसंहितेतलं कलम 153 दंगलीच्या हेतूनं चिथावणी देण्याबद्दलचं होतं. त्यात ‘मॅलिग्नंटली’ आणि ‘वॉन्टनली’ अशी दोन क्रियाविशेषणं शेजारीशेजारी ठेवली होती. पहिल्यात मनातला दुष्टावा, दुसऱ्यात बेपर्वा उनाडकी. 2023 च्या भारतीय न्यायसंहितेनं कलमाचा आकडा बदलून 192 केला, शब्द तसाच ठेवला. शिस्त न लागलेल्या पोराचं विशेषण अजून फौजदारी कायद्यात नांदतं आहे.

लॅटिनकडून आलेल्या शब्दांमध्ये शेतशिवार जास्त दिसतं. ‘लिरा’ म्हणजे नांगराचं तास. तास सोडून भरकटलेला तो ‘डिलिरियस’. आपल्याकडे त्याला वातात बडबडणारा म्हणतील. इंग्रजीत मात्र आनंदानं वेडावलेलाही डिलिरियस होतो. ‘ऑर्बिटा’ म्हणजे गाडीच्या चाकानं पाडलेली वाट, चाकोरी. ती सोडणारा ‘एक्झॉर्बिटंट’. सुरुवातीला कायद्याच्या चौकटीबाहेरच्या प्रकरणाला हे विशेषण लावत. आता ते भाडं, व्याज आणि वकिलाची फी यांच्या पलीकडे सहसा जात नाही.

‘इनकॉन्टिनंट’ची गत सर्वांत केविलवाणी. स्वतःला आवरू न शकणं या अर्थानं तो नीतिशास्त्रातला भारदस्त शब्द होता. अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘अक्रासिया’साठी इंग्रजी भाषांतरकारांनी तोच योजला आणि दान्तेच्या नरकातल्या वरच्या वर्तुळांतली पापंही त्याच नावाखाली येतात. पुढे डॉक्टरांनी तो मूत्राशयासाठी वापरला आणि तो तिथेच राहिला. तोंडाळ पुढाऱ्याला आज कुणी इनकॉन्टिनंट म्हटलं तर ऐकणारा डायपरकडे बघेल. त्याच्या भाषेसाठी ‘इंटेम्परेट’ वापरावं. न्यायालयांनाही तोच चालतो.