पुलावरील भारमर्यादा आणि कायद्यातील ‘जड’ हा शब्द

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन जुने मार्ग धुळ्यास एकमेकांस छेदतात. जळगावची केळी व कापूस आज बव्हंशी याच वाटांनी बाहेर पडतात. केळीचा ट्रक वजनाच्या मर्यादेस आधी भिडतो, सुट्या कापसाचा उंचीच्या. बैलगाडीच्या काळी अशा मर्यादा लिहून ठेवण्याचे फारसे कारण नव्हते. बैलांना जेवढे ओढवे तेवढेच तापीच्या उतारावरून पलीकडे जाई.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने दोन गोष्टी वेगळ्या राखल्या. कलम ७२ वाहनाच्या वजनाचे; कलम ७४ रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप पाहून वाहतुकीवर निर्बंध घालण्याचे. १९८८ च्या कायद्यात त्यांची जागा कलम ११३ व ११५ यांनी घेतली. उंचीचा प्रश्न त्या मानाने सोपा. १९८९ च्या नियमांनी सामान्य वाहनास ३.८ मीटरची मर्यादा घातली, आणि पुलाच्या तोंडाशी लावलेली आडवी लोखंडी तुळई ट्रक अडवण्यास पुरेशी असते. भाराची मर्यादा मात्र सर्वस्वी फलकावरील शब्दांवर विसंबून राहते.

तो शब्द बहुधा ‘जड’ हा असतो. बोलीत जड म्हणजे भरलेले. कायद्यात, १९८८ पासून, जड मालवाहन म्हणजे ज्याचे नोंदणीपत्रातील मंजूर एकूण वजन १२,००० किलोग्रॅमहून अधिक आहे ते. रिकामे असले तरी ते जडच. उलट, या आकड्याच्या किंचित आत नोंदलेला ट्रक पंधरा टन भरून आला, तर कलम ११३ चा भंग होतो खरा, पण ‘जड वाहनांस मनाई’ या फलकाचा होत नाही. पुलास नोंदणीपत्र वाचता येत नाही!

मुकुंदराव जयकर यांच्या समितीच्या शिफारशीतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. तिच्या संहितेतील ‘ए’ वर्गाच्या भारात सर्वांत जड आस ११.४ टनांचा धरला आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने चार चाकांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टनांवर नेली. यावरून घाबरण्याचे कारण नाही. संहितेत तसे दोन आस लागोपाठ, म्हणजे २२.८ टन, धरलेले आहेत, आणि जोडआसाची कायदेशीर मर्यादा २१ टन आहे. परंतु १९३४ पूर्वीचे दगडी पूल या हिशेबाने बांधलेलेच नव्हते. त्यांची ताकद प्रत्येकाची तपासणी करूनच ठरवावी लागते, आणि तिचा आकडा फलकावर टनांत असेल तरच तो वजनकाट्याच्या पावतीशी ताडून पाहता येतो.