‘टेस्ट ९९% अचूक’ म्हणजे नक्की काय? क्वाडास-२ समजून घ्या

अक्कलकुव्यासारख्या आदिवासी भागात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. तपासणीत आधी सोल्युबिलिटी टेस्ट करतात: थोडं रक्त द्रावणात मिसळायचं, गढूळ झालं तर पॉझिटिव्ह. मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करतात. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे त्यातूनच कळतं.

एखादी टेस्ट किती अचूक आहे, हे ठरवायला सिस्टिमॅटिक रिव्ह्यूमध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासतात. त्यातला प्रत्येक अभ्यास किती भरवशाचा, हे पारखायचं साधन म्हणजे २०११ मध्ये आलेलं क्वाडास-२. त्यात चार गोष्टी बघतात:

१. लोकांची निवड: सरसकट लोक घेतले, की फक्त पक्के रुग्ण आणि ठणठणीत माणसं? दुसऱ्या प्रकारात टेस्ट उगाच भारी दिसते.

२. तपासायची टेस्ट: निकाल वाचणाऱ्याला खरं उत्तर आधीच माहीत होतं का?

३. खात्रीची टेस्ट: तिचं उत्तर बरोबर मानता येईल का?

४. क्रम आणि वेळ: खात्रीची टेस्ट सगळ्यांची झाली का?

चौथा प्रश्न इथे कळीचा. फक्त पॉझिटिव्ह लोकांचीच एचपीएलसी केली, तर निगेटिव्हमध्ये सुटलेले वाहक मोजलेच जात नाहीत. आईवडील दोघं वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५% असते.

प्रत्येक मुद्द्यावर चुकीचा धोका कमी, जास्त की अस्पष्ट, ते नोंदवतात. एकूण मार्क देत नाहीत. पहिल्या तीन मुद्द्यांत अभ्यास आपल्या प्रश्नाला लागू पडतो का, हेही बघतात. मोठ्यांवरचा आकडा सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना लावता येत नाही.

म्हणून ‘९९%’ दिसलं की आधी विचारा: कोणावर तपासलं?