बॉस्को होल्डर : नृत्य, दूरचित्रवाणी आणि चित्रकला

कलावंताचे चरित्र लिहिताना 'आधी अमुक, नंतर तमुक' अशी टप्प्यांची विभागणी करण्याचा प्रघात आहे. त्रिनिदादचे बॉस्को होल्डर (१९२१-२००७) यांच्या बाबतीत ही विभागणी फारच सोयीची ठरते : तारुण्यात नर्तक, लंडनमध्ये रंगमंच व दूरचित्रवाणीवरील कलावंत आणि १९७० नंतर मायदेशी चित्रकार. हा क्रम होल्डर यांच्या जीवनापेक्षा उपलब्ध साधनांच्या स्वरूपातून अधिक घडला आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

होल्डर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्रिनिदादमध्ये स्वतःचा नृत्यसंघ उभारला. त्याच काळात ते चित्रेही काढीत होते. त्या वेळी त्रिनिदाद ही ब्रिटिश वसाहत होती आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ढोल, नृत्ये व उपासना यांकडे प्रतिष्ठित वर्ग तुच्छतेने पाहत असे. 'शाउटर' पंथाच्या उपासनेवर १९१७ मध्ये कायद्याने घातलेली बंदी १९५१ पर्यंत उठली नव्हती. अशा वातावरणात बेले, बोंगो आणि शँगो यांना रंगमंचावर आणणे हे केवळ मनोरंजन नव्हते. १९४७ मध्ये होल्डर न्यूयॉर्कला गेले व कॅथरीन डनहॅम यांच्या संस्थेत त्यांनी कॅरिबियन नृत्य शिकविले. १९५० मध्ये त्यांनी पत्नी शीला क्लार्क यांच्यासह लंडन गाठले.

त्याच वर्षी ३० जून रोजी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर त्यांचा 'बाल क्रेओल' हा कार्यक्रम प्रक्षेपित झाला. तेलाच्या पिंपापासून घडविलेले स्टीलपॅन हे वाद्य आणि लिंबो नृत्य ब्रिटनला परिचित करून देण्याचे श्रेय होल्डर यांना दिले जाते. १९५३ च्या राज्यारोहण-सोहळ्यातही त्यांच्या नृत्यसंघाचा सहभाग होता. तथापि, त्या काळातील दूरचित्रवाणीचे बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि त्यांचे मुद्रण जतन केले जात नसे. शिवाय पडदा कृष्णधवल होता. बीबीसीवर रंगीत प्रक्षेपण १९६७ मध्ये सुरू झाले. ज्या कलावंताने पोशाखांची रचनाही स्वतः केली, त्याचे रंग घरोघरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचलेच नाहीत. म्हणजे त्यांच्या कार्याचा जो भाग सर्वाधिक लोकांनी एकाच वेळी पाहिला, त्याचाच पुरावा सर्वांत तुटपुंजा उरला. नृत्याच्या इतिहासकाराला ही अडचण नवी नाही. परंतु कॅमेऱ्यासमोर घडलेली कलाही अशी हरवावी, हे चमत्कारिक आहे खरे.

याउलट कॅनव्हास टिकतो, विकला जातो, संग्रहात जातो. १९७० मध्ये त्रिनिदादला परतल्यानंतर होल्डर यांनी चित्रकलेवर भर दिला. तोवर १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला होता. १९७३ मध्ये त्यांना हमिंगबर्ड पदक मिळाले. साहजिकच उत्तरकाळात 'चित्रकार' हीच त्यांची मुख्य ओळख ठरली.

मात्र ही चित्रे नृत्यापासून वेगळी काढता येत नाहीत. कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांची देहाकृती हा त्यांचा आवडता विषय. मानेचा कल, खांद्यांची ठेवण, शरीराचा तोल यांत नृत्यदिग्दर्शकाची नजर दिसते. वसाहतकाळात ज्या देहांना कलेचा विषय मानले जात नव्हते, त्यांना रंगमंचावर मिळवून दिलेले स्थानच त्यांनी पुढे चित्रचौकटीत दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यांचे धाकटे बंधू जेफ्री होल्डर (१९३०-२०१४) हेही नर्तक, अभिनेते आणि चित्रकार होते. बॉस्को लंडनला गेल्यावर नृत्यसंघाची धुरा त्यांनी सांभाळली आणि संघाला न्यूयॉर्कला नेण्याच्या प्रवासखर्चासाठी स्वतःची चित्रे विकली. येथे नृत्याचा खर्च चित्रकलेने भागविला. 'आधी नृत्य, नंतर चित्र' हा क्रम या घरात लागूच पडत नाही.

आपल्याकडे उदय शंकर यांचे उदाहरण उलट दिशेचे आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेला हा कलावंत १९२३ मध्ये ॲना पाव्हलोव्हा यांच्या सहवासात नृत्याकडे वळला. त्यांच्याविषयी लिहिताना चित्रकलेचा उल्लेख बहुधा प्रारंभीच्या एका परिच्छेदात आटोपतो. होल्डर यांच्या चरित्रात तीच गत नृत्याची आणि त्याहून अधिक दूरचित्रवाणीची झाली आहे.