अ‍ॅक्रनच्या शाळेंतील मुली



भाजींत मीठ घालतांना कोणी इतिहासाचा विचार करीत नाहीं; करावा असें माझेंही म्हणणें नाहीं. परंतु त्या मिठांत आज जो आयोडीनचा सूक्ष्म अंश असतो, तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत कसा पोंचला ही हकीकत ऐकण्याजोगी आहे. तींत मोठा वांटा आहे तो शाळकरी मुलींचा.

अमेरिकेंतील ओहायो राज्यांत क्लीव्हलंडच्या दक्षिणेस अ‍ॅक्रन नांवाचें शहर आहे. मोटारींच्या रबरी टायरांसाठीं तें त्या काळीं गाजलेलें होतें. या टापूच्या जमिनींत आयोडीन फार थोडें. जमिनींत नाहीं म्हणून पाण्यांत नाहीं, धान्यांत नाहीं, आणि शेवटीं माणसाच्या अंगींही नाहीं. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीला आपला रस तयार करण्यास हें द्रव्य लागतें. तें मिळेनासें झालें कीं ती तुटपुंज्या सामग्रीवर काम भागविण्यासाठीं वाढूं लागते. हाच गलगंड. अ‍ॅक्रनमधील मुलींत तो इतका आढळे कीं, त्याचें कोणास नवल वाटत नसे.

डॉक्टर डेव्हिड मरीन यांनीं प्राण्यांवर प्रयोग करून ताडलें होतें कीं, हा रोग बरा करीत बसण्यापेक्षां तो होऊंच न देणें सोपें आहे. क्लीव्हलंडच्या शाळांनीं मात्र त्यांस नकार दिला. हा नकार अगदींच अडाणीपणाचा होता असें मला वाटत नाहीं. जिनीव्हाच्या क्वांदे यांनीं १८२० सालीं गलगंडावर आयोडीन देण्यास आरंभ केला, तेव्हां अतिरेकी मात्रांनीं कित्येकांची प्रकृति बिघडली होती. ती धास्ती वैद्यकांत शंभर वर्षें टिकून राहिली.

अखेर १९१७ सालीं अ‍ॅक्रननें दार उघडलें. मरीन व त्यांचे तरुण सहकारी किंबल यांनीं पांचवी ते बारावीच्या मुलींचे गळे तपासले. ज्यांच्या घरची संमति होती त्यांस वर्षांतून दोनदां, दर वेळीं दोन ग्रॅम सोडियम आयोडाइड, थोडें थोडें करून दहा दिवसांत पाण्यांतून दिलें. ही मात्रा आजच्या मानानें अफाटच म्हणावयाची. सहा ते बारा वर्षांच्या मुलास रोज १२० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतें. म्हणजे वर्षाकांठीं पन्नास मिलिग्रॅमही लागत नाहीं.

निकाल पाहा. आयोडीन घेणाऱ्या २,१९० मुलींपैकीं अवघ्या ५ जणींची ग्रंथि वाढली. न घेणाऱ्या २,३०५ मुलींपैकीं ४९५ जणींची, म्हणजे पांचांत एकीहून अधिक. हे आंकडे वाचतांना माझें मन त्या ४९५ जणींपाशीं घोटाळतें. त्यांच्या गळ्यांनींच तर पुरावा पुरा केला! औषध नको म्हणणाऱ्या आईबापांना पुढें काय वाटलें असेल, तें कोणत्याही अहवालांत सांपडावयाचें नाहीं.

शाळेंत औषध पाजावयाचें तर शाळेंत न जाणाऱ्यांचें काय? याला उत्तर मिठांत होतें. श्रीमंत असो, गरीब असो, मीठ खातोच, आणि बहुधा सारख्याच मापानें. स्वित्झर्लंडच्या अपेन्झेल भागांत १९२२ मध्यें आणि अमेरिकेच्या मिशिगन राज्यांत १९२४ मध्यें आयोडीनयुक्त मीठ विक्रीस आलें.

आपल्या देशांत हा प्रश्न हिमालयाच्या पायथ्याशीं उग्र होता. १९५६ मध्यें डॉक्टर रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं कांगडा खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोहोंत आयोडीनयुक्त मीठ पाठविलें, एकांत साधें. पुनः शाळकरी मुलांचेच गळे चाचपण्यांत आले. १९६२ पर्यंत पहिल्या दोहोंत गलगंडाचें प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खालीं उतरलें. साध्या मिठाच्या भागांत तें जवळजवळ होतें तेथेंच राहिलें. त्याच वर्षीं राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मग त्या तिसऱ्या भागासही आयोडीनयुक्त मीठ मिळालें, आणि कांहीं वर्षांनीं पुनः तपासणी झाली तेव्हां तेथील मुलांचा गलगंडही ओसरलेला दिसला.