खळीपासून बिअरपर्यंत : प्रस्तावना

घरी बिअर करायला शिकवणारी बहुतेक पुस्तकं यीस्टच्या पुडीपाशी सुरू होतात. हे पुस्तक धान्यापाशी सुरू होतं. द्राक्षात, काजूच्या बोंडात, माडाच्या रसात साखर आयती असते. यीस्ट पोहोचलं की काम सुरू. धान्यात साखर नावापुरती, बाकी सगळा स्टार्च, आणि बिअरच्या यीस्टला स्टार्च पचत नाही. त्या स्टार्चची साखर करून देणं हे बिअर करणाऱ्याचं खरं काम. ते साधलं तर पुढचं यीस्ट बघून घेतं. ते फसलं तर कितीही महागाचं यीस्ट आणा, हाती पिठाचं पाणीच राहतं.

हे रसायन मुंबईच्या गिरणगावातल्या काळाचौकीला अनोळखी नाही. फक्त इथे ते कापडाच्या अंगाने आलं. मागावर ताण्याचं सूत घासून तुटू नये म्हणून त्याला आधी खळ देतात, आणि सुती गिरण्यांत ती खळ बहुधा स्टार्चची असे. कापड विणून झालं की ती काढावी लागते, नाहीतर रंग सारखा चढत नाही. खळ काढण्याचा जगभरच्या गिरण्यांतला एक जुना मार्ग म्हणजे माल्टच्या अर्काच्या गरम पाण्यात कापड मुरवणं. मोड आलेल्या बार्लीतली विकरं, म्हणजेच एन्झाइम, स्टार्च तोडतात आणि खळ पाण्याबरोबर निघून जाते. ती पुरती गेली का, हे बघायला कापडावर आयोडीनचा थेंब टाकायचा. डाग निळा पडला तर काम बाकी आहे. विकर तेच, तपासणीही तीच. फरक इतकाच की गिरणी ते गोड पाणी गटारात सोडते आणि बिअर करणारा तेच जपून ठेवतो. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय उभारायला घेतलं आहे. तिथे जाणाऱ्याने माग आणि चात्या पाहताना खळीचीही आठवण ठेवावी.

आता कायद्याचं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने लागू आहे. त्याच्या व्याख्येत बिअर आणि ताडी दोन्ही येतात, आणि परवान्याशिवाय त्या तयार करणं हा गुन्हा आहे. मग ते पाच लिटर असो, स्वतःपुरतं असो, की काळाचौकीच्या अभ्युदयनगरातल्या स्वयंपाकघरात असो. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांत आज जागेवर बिअर तयार होते ती परवाना घेऊनच. परदेशातल्या मराठी घरांची गोष्ट वेगळी. ब्रिटनने १९६३ साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन करमुक्त मुभा मिळाली; विक्री मात्र चालत नाही, आणि राज्याराज्यांचे नियम वेगळे. म्हणून पुस्तकाचे दोन भाग केले आहेत. पहिला भाग धान्यापासून गोड अर्कापर्यंतचा. त्यात मद्याचा थेंब नाही आणि तो काळाचौकीत कुणालाही करून बघता येईल. दुसरा भाग यीस्टचा. तो इथल्या वाचकाने शास्त्र म्हणून वाचावा. जिथे कायदा मोकळीक देतो तिथल्या वाचकाने कृती म्हणून.

पहिल्या भागातला पहिला प्रयोग इथेच देतो, कारण या विषयाची गोडी वाचून लागत नाही. मूठभर नाचणी रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधा, दोन-तीन दिवसांत मोड येतील. दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं आणि पुरचुंडी सोडून दाणे हलवायचे. पावसाळ्यात हा प्रयोग नको, बुरशी आधी येते. मोड आलेली नाचणी कडक उन्हात वाळवा, मोड चोळून काढा, दाणे भरडून घ्या. तव्यावर खमंग भाजण्याचा मोह टाळायचा. त्या आचेने विकरं मरतात. ज्वारीही घेऊ नका. ज्वारीच्या कोंबांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं आणि ते काढून टाकण्याचं तंत्र नवख्याचं नाही.

मग १०० ग्रॅम तांदळाचं पीठ लिटरभर पाण्यात शिजवून दाट खळ करा. ती ६५ अंश सेल्सिअसपर्यंत निवली की त्यात दोन मोठे चमचे नाचणीचा भरडा ढवळून टाका आणि भांडं गरम कपड्यांत गुंडाळून ठेवा. थोड्याच वेळात पळीला चिकटणारी खळ पेजेसारखी पळू लागते. अधूनमधून चमचाभर पांढऱ्या बशीत काढा, पूर्ण गार होऊ द्या आणि टिंक्चर आयोडीनचा थेंब सोडा. गरम नमुन्यावर निळा रंग उमटत नाही, आणि नवखा तिथेच फसतो. आधी गडद निळा, मग जांभळा, मग तांबूस, आणि स्टार्च संपला की आयोडीनचा स्वतःचा पिवळट रंग. बशीतला नमुना फेकून द्यायचा, भांड्यात परत टाकायचा नाही. तासाभराने भांड्यातलं चाखून बघा : साखरेचा कण न घालता ते गोड झालेलं असेल.

बार्लीच्या बिअरमध्ये घडतं ते हेच. ६० ते ६५ अंशांच्या आसपास ठेवलं तर यीस्टला पचणारी साखर जास्त तयार होते आणि बिअर हलकी, कोरडी उतरते. ७० च्या जवळ गेलं तर न पचणारा भाग उरतो आणि तोंडाला भरीवपणा येतो. ८० अंशांवर विकरं निकामी. धान्य दळायचं नसतं, भरडायचं असतं, कारण बार्लीचं टरफल अख्खं राहिलं तरच पुढे त्याच थरातून अर्क गाळता येतो. मसाला गल्लीत मिरची-धणे समोर उभं राहून कुटून घेणाऱ्या लालबागकरांना बारीक आणि जाड यांतला फरक वेगळा सांगायला नको.

दुसऱ्या भागात सूक्ष्मजीव येतात. बिअर का बिघडते याचा पाश्चरने केलेला अभ्यास १८७६ साली पुस्तकरूपाने आला. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. हवा तोच जीव वाढवायचा आणि बाकीच्यांना दाराबाहेर ठेवायचं, ही विद्या आपल्या शेजारी परळला १८९९ साली आली. तिथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात, प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली. तिच्या लशीच्या एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले आणि १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवालला १९ माणसं दगावली. दोष प्रयोगशाळेचा नव्हता हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. बिअरमध्ये अशी जिवावरची वेळ सहसा येत नाही. आंबटपणा, हॉप्सची कडू फुलं आणि मद्य मिळून रोगजंतूंना थारा देत नाहीत. पण चुकार जिवाणू शिरला की सगळा घाणा आंबतो. त्यामुळे अर्क उकळून निवल्यानंतर त्याला जे जे लागेल, चमचा, नळी, बूच, ते आधी घासलेलं आणि मग निर्जंतुक केलेलं हवं. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत; मळक्या भांड्यावर जंतुनाशक फुकट जातं.

हवामानाला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. एल जातीच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश मानवतात, लागरच्या यीस्टला ८ ते १३. तिशीच्या घरात यीस्ट बेफाम धावतं आणि उग्र वासाची मद्यं मागे सोडतं. भांड्याला ओलं फडकं गुंडाळायचा उपाय नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगला लागू पडतो. समुद्राकाठच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, मग गारवा कुठून येणार? उष्णतेचा हा धडा मुंबईच्या माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ होता. पहाटे उतरवलेली गोड नीरा ऊन चढेपर्यंत आंबायला लागते, म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. चुन्याने रस अल्कधर्मी होतो आणि यीस्टचं फावत नाही.

मोजमापाच्या प्रकरणात एकच साधन आहे, द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर. आंबण्याआधी १.०४८ आणि नंतर १.०१२ भरलं, तर फरकाला १३१ ने गुणायचं : मद्य सुमारे ४.७ टक्के. आकडा ओळीने दोन-तीन दिवस हलला नाही तरच बाटल्या भरायच्या, आणि फेसासाठी लिटरमागे ६-७ ग्रॅमच साखर. घाई केली तर बाटली फुटते आणि काचा उडतात. घरगुती बिअरमधली खरी इजा हीच.

विषाची भीती मात्र वेगळ्या कारणाची आहे. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलने, आणि ते दारूत बाहेरून आलेलं होतं. धान्य आंबवून ते घातक प्रमाणात तयार होत नाही. दारूबंदी, चोरटी हातभट्टी आणि गिरणगाव यांचा इतिहास शेवटच्या प्रकरणात आहे. या विद्येकडे आपल्याकडे संशयाने का बघतात, हे त्यावाचून कळत नाही.

पुस्तक वाचायला रसायनाची पदवी लागत नाही. थर्मामीटर, आयोडीनची बाटली आणि नोंदवही एवढं जवळ असावं. वहीत तारीख, तापमान, वेळ आणि चव लिहीत जा. चवीचा शब्द सुचला नाही तर तेही लिहा. इतिहासात रस असणाऱ्याने शेवटचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. बाकीच्यांनी नाचणी भिजत घालावी आणि मोड येईपर्यंत पहिलं प्रकरण वाचून काढावं.