गेनचा स्क्रू आणि नाशिकरोडचा मीटर

आमच्या धंद्यात टेस्ट टोन फार जुना आहे, फक्त तेव्हा त्याला कुणी टेस्ट टोन म्हणत नव्हतं. मंडपवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला आला की आमचे उस्ताद झाकण काढायचे आणि व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला बोट लावायचे. स्पीकरमधून ‘भूंऽऽ’ आलं की म्हणायचे, “पुढचं सगळं ठीक आहे, बिघाड मागे बघ.” हा टोन फुकटचा, वीज मंडळाचा. आपली वीज 50 हर्ट्झची, तीच माणसाच्या अंगातून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये उतरायची. आज गाडीतल्या सबवूफरचा गेन लावायला पोरं मोबाइलवर 50 हर्ट्झचा टोन डाउनलोड करतात, तेव्हा मला ते बोट आठवतं.

दुसरा टोन दूरदर्शनचा. कार्यक्रम सुरू होण्याआधी रंगीत पट्टे यायचे आणि त्यांच्याबरोबर हजार हर्ट्झचा एकसुरी आवाज. घरोघरी लोक वैतागून टीव्हीचा आवाज बंद करायचे. कारागिराला मात्र न हलणारा, न चढणारा-उतरणारा आवाज हवाच असतो. गाण्यावर मीटरचा काटा एका जागी थांबत नाही, टोनवर थांबतो.

आणि तो मीटर नाशिकचाच होता, हे इथल्या नव्या पोरांना सांगूनही पटत नाही. नाशिकरोडला मोटवान्यांचा कारखाना आहे. त्यांच्या काट्याच्या मल्टिमीटरवर कितीतरी आयटीआयची मुलं शिकली. पण हे घराणं मुळात लाउडस्पीकरचं. ग्यानचंद मोटवाने यांनी 1909 साली सिंधमधल्या सक्करला धंदा सुरू केला, पुढे कराची आणि मग मुंबई. ‘शिकागो रेडिओ’ हे त्यांचं नाव. 1931 च्या कराची काँग्रेस अधिवेशनात लाउडस्पीकर त्यांचेच होते. गांधी-नेहरूंच्या सभांचे जुने फोटो नीट पाहा, माइकवर ‘शिकागो’ची पाटी दिसेल. 1942 च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात याच घरातले नानिक मोटवाने आरोपी होते. ते निर्दोष सुटले, तो रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या घरानंच तो मोजायचं यंत्रही काढलं. आमच्या धंद्यानं त्यातलं पहिलं उचललं आणि दुसरं कपाटात ठेवलं, असं माझं मत.

भोंग्याच्या काळात ते खपूनही गेलं. भोंग्यातून बास येतच नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर ताकद संपली की हळूहळू फाटायचा, ऐकणाऱ्याला आधी खरखर कळायची आणि मंडपवाला आवाज कमी करायचा. ट्रान्झिस्टर आले आणि ही सूचना मिळेनाशी झाली. ट्रान्झिस्टर हद्दीपर्यंत साफ वाजतो आणि हद्दीवर लाटेचा माथा एकदम सपाट कापतो. सपाट माथ्याची लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट ताकद स्पीकरच्या कॉइलमध्ये ओतते. स्पीकर जळतो तो यानं. लहान अ‍ॅम्प्लिफायर पिळला तरी मोठा स्पीकर जळू शकतो, हे गिऱ्हाइकाला समजावताना घसा कोरडा पडतो.

2002 साली स्कॉर्पिओ आली, तीही नाशिकच्या कारखान्यातून, आणि बूटमध्ये वूफरचा डबा बसवायची हौस वाढली. गाडीच्या म्युझिक डेकच्या खोक्यावर तेव्हाही छापलेलं असायचं, ‘50 वॅट x 4’. हिशेब करून बघा. चालू गाडीत 14.4 व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर 4 ओहमच्या स्पीकरला साफ आवाजात जास्तीत जास्त 26 वॅट मिळतील, तेही कागदावर. मग 50 कुठून आले? लाट पूर्ण चौकोनी झाली की 14.4 चा वर्ग भागिले 4, बावन्नच्या आसपास. खोक्यावरचा आकडा फाटलेल्या आवाजाचा आहे. खोटा नाही, पण ऐकण्याजोगाही नाही.

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावला की त्याच्यावर गेनचा स्क्रू येतो आणि पोरं तो व्हॉल्यूम समजून शेवटपर्यंत फिरवतात. तो डेकचे व्होल्ट अ‍ॅम्प्लिफायरशी जुळवण्यासाठी आहे. दोन व्होल्टचा डेक असेल तर गेन जास्त लागतो, चार व्होल्टचा असेल तर कमी. तो लावायचा असा: स्पीकरच्या वायरी काढायच्या, बास-ट्रेबल सपाट, लाउडनेस बंद, डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर. पूर्ण पातळीचा टोन वाजवायचा आणि वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ येईपर्यंतच स्क्रू फिरवायचा. मीटरला माथा कापलेला दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोपच लागतो, हेही खरं. स्वस्तातला डिजिटल मीटर हजार हर्ट्झवर चुकीचं वाचन देऊ शकतो, 50 वर बरा चालतो.

गणपतीच्या मिरवणुकीवर बोलल्याशिवाय नाशिकचा लेख पुरा होत नाही. वाकडी बारवेपासून निघणारी ती मिरवणूक दादासाहेब फाळके रोडवरून जाते. मूकपट काढणाऱ्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावर भिंती हादरतात, याचं कुणाला हसू येत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगितलं, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ठरवले. त्यावर वाद होतात आणि होतील. मला कारागीर म्हणून एवढंच दिसतं, की मिरवणुकीतल्या स्पीकरच्या ट्रॉलींवरचे निम्मे अ‍ॅम्प्लिफायर कापलेली लाट वाजवत असतात. नाशिक ढोलाचा ठोका कितीही जोरात पडला तरी चामडं लाट कापत नाही, म्हणून तो अजून कानाला सहन होतो.

अ‍ॅम्प्लिफायर बसवून घ्याल तेव्हा फिटरला मीटर काढायला लावा. 100 वॅट, 4 ओहम असेल तर आकडा 20 व्होल्ट. तो आला की स्क्रूला पुन्हा हात लावू देऊ नका, स्वतःही लावू नका.