परड्यातील झाड कोणाचे?

घर बांधायला काढले म्हणजे पहिली चिंता पैशांची असते आणि दुसरी झाडांची. पैशांची चिंता आपण रात्ररात्र करीत बसतो. झाडांची मात्र कुऱ्हाडवाला दारात येऊन उभा राहिला म्हणजे आठवते. वाचकहो, माझ्या घरीही असेच झाले, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याने गावच्या घराला मागे दोन खोल्या काढायचे ठरवले. परडे आमचे बेताचेच. त्यात एक फणस, दोन आंबे, गडग्याला टेकून उभा असलेला एक साग, आणि बाकी करवंदीची जाळी नि घाणेरीचे रान. फणस माझ्या आजीने लावलेला. पुतण्या म्हणाला, "काका, जेसीबी येतोच आहे, सगळं एकदाच साफ करून टाकू या." दादा, म्हणजे त्याचे वडील, काहीच बोलले नाहीत. सुंभ घेऊन ते परड्यात गेले आणि जी झाडे राखायची त्यांच्या बुंध्यांना एकेक वेढा देऊ लागले. फणसाला बांधले, आंब्यांना बांधले. सागापाशी मात्र थबकले आणि मला म्हणाले, "तू इतिहास शिकवतोस ना? मग सांग, हा साग आपला की सरकारचा?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर द्यायला तीनशे वर्षे मागे जावे लागते.

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र तुमच्यापैकी शिक्षकांना ठाऊक असेल. त्यातला झाडांविषयीचा मजकूर पुष्कळदा खुद्द शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून सांगितला जातो. ग्रंथ मात्र अमात्यांचा आहे, आणि तो १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात लिहिला गेला. अर्थात पंत हे महाराजांच्या हाताखाली कारभार केलेले गृहस्थ, तेव्हा त्यात थोरल्या महाराजांच्या राज्यनीतीची सावली आहे हे म्हणणे गैर नव्हे. प्रकरण आरमाराचे आहे. गलबतांना लाकूड लागते. ते सागासारखे लाकूड हुकूम घेऊन रानातून आणावे, कमी पडल्यास परमुलखातून विकत घ्यावे, असे पंत सांगतात. पण आंबा-फणसाला हात लावू देऊ नये म्हणतात. कारण काय? तर ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या लेकरासारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजोरी करू नये.

येथे एक गोष्ट नीट पाहा. पंतांनी 'झाडे तोडू नका' असे सरसकट म्हटलेले नाही. कोणते झाड, कोणाच्या जागेत, कोणी लावलेले, किती जुने, अशी निवड केली आहे. दादा सुंभ घेऊन जे करीत होते, तेच पंतांनी लेखणीने केले होते.

पुढे इंग्रज आले. त्यांनाही जहाजे बांधायची होती, आणि मायदेशातील ओक कमी पडू लागले होते. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींच्या हाताखाली सागाची जहाजे उतरू लागली. १८१७ साली तेथे बांधलेले 'त्रिंकोमाली' नावाचे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. दोनशे वर्षे उलटून गेली तरी! हा साग येई मलबारातून. तो हाती राहावा म्हणून १८०६ साली कंपनीने कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला तेथील जंगलांवर नेमले. सागावर हक्क सरकारचा, मग तो उभा कोणाच्याही जमिनीत असो, असा दंडक झाला. जमीनमालकांनी आणि लाकूड व्यापाऱ्यांनी ओरड केली. अखेर १८२३ साली मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी ही जागाच मोडीत काढली.

अशा दंडकाचा परिणाम काय होत असेल, ते शेतकऱ्याला सांगावे लागू नये. आपल्या बांधावर सागाचे रोप उगवले. मोठे झाले की ते सरकारचे होणार, त्याची सावली पिकावर पडणार, आणि तोडले तर दंड आपल्याला होणार. मग शहाणा माणूस काय करील? रोप वीतभर असतानाच उपटील. झाड राखण्यासाठी केलेला कायदा अशा रीतीने झाडाच्या मुळावर येतो.

हा अनुभव आपल्याच देशाला आला असे नाही. अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या तेव्हाची गोष्ट आहे. तेथील पांढऱ्या पाइनचे उंच सरळ बुंधे आरमाराच्या डोलकाठ्यांना हवे असत. १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेने, खाजगी मालकीत न गेलेल्या जमिनीवरचा चोवीस इंच व्यासाचा आणि त्याहून मोठा पाइन राजासाठी राखून ठेवला. शेजारच्या न्यू हॅम्पशायरात १७२२ च्या कायद्याने ही मर्यादा बारा इंचांवर आणली. राजाचा माणूस यायचा आणि कुऱ्हाडीच्या तीन घावांनी बुंध्यावर बाणाची खूण करून जायचा. ज्याने रान तोडून घर बांधायचे, शेत काढायचे, त्याने बाकीचे सगळे तोडावे, पण बाणाच्या झाडाला हात लावू नये. घराला फळ्या तर त्याच झाडाच्या हव्या असत!

१७७२ च्या एप्रिलमध्ये वेअर नावाच्या गावी याचा भडका उडाला. असे ओंडके गिरणीत सापडले म्हणून दंड झाला, तो भरायला एबेनेझर मजेट नावाचा माणूस तयार होईना. शेरीफ त्याला पकडायला आला. मजेटने सकाळी जामीन देतो म्हणून सांगितले, आणि पहाटे वीसेक मंडळी तोंडाला काजळी फासून शेरीफच्या खाणावळीतल्या खोलीत शिरली. छड्यांनी त्याला यथेच्छ झोडपले, त्याच्या घोड्याची आयाळ नि शेपूट कापले, कानही कापले. (घोड्याचा यात काय अपराध, हे मला आजवर समजलेले नाही.) खटला चालला आणि आठ जणांना प्रत्येकी वीस शिलिंग दंड झाला. बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडाल्या त्या पुढच्या वर्षी. चहाची गोष्ट पाठ्यपुस्तकात गेली आणि पाइनची मागे राहिली.

तर मग झाड पूर्णपणे मालकाचे करून टाकावे, असे तुम्ही म्हणाल. तेही आपल्याकडे करून पाहिलेले आहे. रत्नागिरीचे कलेक्टर डनलॉप यांनी १८२० च्या दशकात कोकणातील झाडांवरचा सरकारी हक्क बराचसा सोडून दिला. रयतेला बरे वाटले असणार. पण पुढच्या काळात डोंगर उघडे पडत गेले. १८४७ पासून मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक असलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी कोकणातील रानतोडीची आणि खाड्या गाळाने भरत चालल्याची तक्रार सरकारदरबारी मांडली. गलबते जेथवर जात होती तेथे ती अडकू लागली. डोंगरावरची माती खाडीत उतरली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे राजाने धरून ठेवले तरी झाड जाते, आणि सोडून दिले तरी जाते. पुढे १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने मधली वाट धरली. सरकारने मुद्दाम राखून ठेवलेली झाडे सोडून बाकीची धारकाची, असा तो हिशेब होता.

स्वराज्य आल्यावर १९६४ साली महाराष्ट्राने वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, ऐन, हिरडा आहेत, आणि आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळही आहेत. मला या यादीचे फार कौतुक वाटते. अमात्यांच्या काळी साग राजाच्या गरजेचा आणि फणस रयतेच्या मायेचा, असे दोन वेगळे विचार होते; येथे दोघे एका ओळीत येऊन बसले. या यादीतले झाड आपल्या मालकीच्या जागेत असले, तरी तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शहरांसाठी १९७५ चा निराळा कायदा आहे. त्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड 'वारसा वृक्ष' ठरले, आणि झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याची अट आली. ऐंशी वर्षांच्या वडाला ऐंशी रोपे! रोपे लावून होतात. ती जगली की नाही हे पाहायला पाच वर्षांनी कोण जातो, हे आपण सारे जाणतोच.

दादांना मी हे सगळे काही सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "साग आपला आहे, पण तोडायचा तर विचारावं लागेल. आणि तुमच्या फणसालाही तोच नियम आहे."

"फणसाला सरकार कशाला?" दादा म्हणाले. "त्याला आजीचं सुंभ आहे."

पुतण्याने परवानगीचा अर्ज लिहून ठेवला होता. दादांनी तो दोन दिवस फळीवर राहू दिला. मग गवंड्याला बोलावून चौथऱ्याची दोरी पुन्हा धरायला लावली. जाळी नि घाणेरी तेवढी साफ केली. चारी झाडे राहिली. चौथरा तीन फूट पुढे सरकला आणि स्वयंपाकघर तेवढेच अरुंद झाले. चुलीपाशी दोघी उभ्या राहिल्या तर तिसरीला वळायला जागा नाही. सूनबाईंची त्याबद्दल अजून तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. झाडे राखायची कोणी ठरवली आणि अडचण कोणाच्या वाट्याला आली, हे त्या मला दर खेपेला ऐकवतात. यंदा फणसाला अठ्ठावीस फळे धरली. त्यांतली पहिली पिकली ती दादांनी त्यांच्याच हाती दिली, पण अरुंद स्वयंपाकघरात ती फोडायची कोठे, यावरून पुन्हा बोलणे झालेच.